बाजारांत बसावयास जागा हवी

गेल्या जून महिन्यांत शाळा उघडल्यावर नववीच्या वर्गांत मीं मुलांस सुटींतील प्रवासाविषयीं चार शब्द बोलावयास सांगितलें. एक विद्यार्थी आपल्या मामांकडे अमेरिकेंतील फ्लॉरिडा राज्यांत जाऊन आला होता. ऑर्लंडो शहराजवळच्या 'डिस्ने स्प्रिंग्ज' नांवाच्या बाजारपेठेचें वर्णन त्यानें मोठ्या उत्साहानें केलें. सरोवराच्या कांठीं रांगेनें मांडलेलीं दुकानें, खेळांतल्या ठोकळ्यांचा रचलेला पाण्यांतील प्रचंड सर्प, रात्रीं पाण्यावर हेलावणारे दिवे, खाण्याचे नाना प्रकार, हें सर्व ऐकतांना वर्ग तल्लीन झाला होता. त्याचें भाषण संपलें तेव्हां मागच्या बांकावरील एक मुलगा, जो सहसा बोलत नाहीं, उभा राहिला व म्हणाला, "सर, तेथें कांहीं विकत न घेतां नुसतें बसतां येतें काय?"

वर्ग हंसला. मी मात्र हंसलों नाहीं. प्रवासी विद्यार्थ्यानें क्षणभर विचार केला आणि प्रामाणिकपणें उत्तर दिलें, "आम्ही बसलोंच नाहीं. आम्ही सारखे हिंडत होतों."

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. कोणत्याही बाजाराची खरी पारख तेथें किती माल विकला जातो यावरून होत नाहीं. ज्याच्या खिशांत दमडी नाहीं त्याला तेथें कसें वागविलें जातें, यावरून ती होते. आमच्याकडील आठवड्याच्या बाजारांत म्हातारा शेतकरी थोडेंसें मीठ घेतो आणि दोन तास वडाच्या पारावर बसून चार गांवच्या खबरा ऐकतो. त्याला तेथून कोणी उठवीत नाहीं. तो बाजाराला आला तो मिठासाठीं कीं पारासाठीं, हें त्याचें त्यालाही सांगतां येणार नाहीं.

सातासमुद्रांपलीकडील एका धनाढ्य कंपनीच्या बाजारपेठेविषयीं येथील एका शाळामास्तरानें सूचना कराव्या, हें कोणास थोडें हास्यास्पद वाटेल. परंतु आमच्यांतील कित्येक कुटुंबें आतां हौसेनें तेथें जातात, आणि त्याच घाटाच्या पेठा आमच्या शहरांतही उभ्या राहात आहेत. ज्या वस्तूचें अनुकरण होणार, तिचे गुणदोष आधीं पारखून घेणें हें शहाणपणाचें. म्हणून त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें वाचलें व जें सुचलें, तें येथें वाचकांपुढें ठेवतों.

प्रथम ही पेठ काय आहे तें सांगितलें पाहिजे. वॉल्ट डिस्ने या चित्रपटकारानें १९५५ सालीं कॅलिफोर्नियांत आपली पहिली करमणूक-नगरी उघडली. फ्लॉरिडांतील दुसरी, पुष्कळच विस्तीर्ण नगरी त्याच्या मृत्यूनंतर १९७१ सालीं सुरू झाली. तिच्याच आवारांत १९७५ सालीं एका सरोवराच्या कांठीं एक लहानसें दुकानांचें खेडें वसविण्यांत आलें. तेंच वाढत वाढत आजचें डिस्ने स्प्रिंग्ज झालें. सुमारें १२० एकर जागेवर आज तेथें दीडशेंच्या आसपास दुकानें, भोजनगृहें व करमणुकीचीं स्थानें आहेत. त्याचे चार भाग आहेत: मार्केटप्लेस, लँडिंग, टाउन सेंटर आणि वेस्ट साइड. ध्यानांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, डिस्नेच्या मुख्य उद्यानांत जावयाचें तर एका माणसास एका दिवसाला शंभर डॉलरहून अधिक मोजावे लागतात; या पेठेंत मात्र प्रवेशास कांहीं पडत नाहीं, आणि मोटार ठेवण्यासही कांहीं पडत नाहीं. त्या भव्य मायानगरींत गरीब शेजाऱ्यासाठीं जीं थोडीं दारें उघडीं आहेत, त्यांत हें सर्वांत मोठें. म्हणूनच त्या दाराच्या आंत काय आहे याला महत्त्व आहे.

चाळीस वर्षांत या पेठेनें पांच नांवें घेतलीं. १९७५ सालीं ती 'लेक ब्वेना व्हिस्टा शॉपिंग व्हिलेज' होती. १९७७ मध्यें 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड व्हिलेज' झाली. १९८९ मध्यें 'डिस्ने व्हिलेज मार्केटप्लेस', १९९७ मध्यें 'डाउनटाउन डिस्ने' आणि २०१५ मध्यें 'डिस्ने स्प्रिंग्ज'. जो मनुष्य वरचेवर नांव बदलतो त्याला आपण कोण आहोंत हें नीट उमगलेलें नसतें. संस्थांचेंही तसेंच आहे. १९८९ सालीं याच जागीं 'प्लेझर आयलंड' नांवाचें रात्रीच्या नाचगाण्यांचें बेट उघडलें होतें. तेथें रोज रात्रीं नववर्षाचा उत्सव साजरा करीत. २००८ च्या सप्टेंबर महिन्यांत तीं नृत्यगृहें बंद झालीं. ज्या गांवांत रोजच पाडवा, त्या गांवांत पाडव्याचें अप्रूप किती दिवस टिकणार?

आतां सूचनांकडे वळूं. पहिली सूचना साधी आहे, व मागच्या बांकावरील त्या मुलाचीच आहे: बसावयास भरपूर जागा करावी, आणि त्या जागेवर सांवली असावी.

ऑर्लंडोची हवा उष्ण व दमट आहे. जून ते सप्टेंबर या महिन्यांत तेथें दुपारीं वरचेवर वादळी पाऊस कोसळतो. सकाळीं ऊन आणि दुपारीं पाऊस, अशा ठिकाणीं माणसाला आसरा कोठें मिळतो? दुकानांत. आणि दुकानांत शिरलेला मनुष्य रिकाम्या हातानें क्वचित् बाहेर पडतो. हें व्यापाऱ्याच्या सोयीचें खरें, पण पाहुणचाराचें नव्हे. माझें म्हणणें असें कीं, पेठेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दुकानांपुढून सलग पडवी काढावी, तिच्यांत पाठ टेकतां येईल अशीं बांकें मांडावीं, आणि पिण्याच्या पाण्याचे नळ थोड्या थोड्या अंतरावर असावे. ही कल्पना नवी नाहीं. इटलींतील बोलोन्या शहरानें १२८८ सालीं नियम केला कीं, नवें घर बांधणारानें रस्त्याकडेला कमानींची पडवी काढावी व ती येणाऱ्या-जाणाऱ्यांस मोकळी ठेवावी. जमीन मालकाची, छप्पर मालकाचें, पण सांवली सर्वांची! त्या शहरांत आज अशा कमानी एकंदर सुमारें ६२ किलोमीटर लांबीच्या आहेत, आणि २०२१ सालीं त्यांची गणना जागतिक वारशांत झाली. त्या पडव्यांमुळें बोलोन्याच्या दुकानदारांचें दिवाळें वाजलें, असें कांहीं झालें नाहीं.

शिवाय या बाबतींत डिस्नेच्या वारसदारांस परक्या शहराचा दाखला देण्याचीही गरज नाहीं. वॉल्ट डिस्ने स्वतः सांगत असे कीं, आपल्या उद्यानाची मूळ कल्पना आपणांस एका बांकावर सुचली. लॉस अँजेलिस येथील ग्रिफिथ पार्कमध्यें त्याच्या मुली फिरत्या घोड्यांवर बसून खेळत असत आणि बाप बांकावर बसून त्यांच्याकडे पाही. बसल्या बसल्या त्याच्या मनांत आलें कीं, मुलें आणि आईबाप एकत्र रमतील असें एखादें ठिकाण असावें. तो बांक सार्वजनिक बागेंतला होता. त्यावर बसण्यासाठीं कांहीं विकत घ्यावें लागत नव्हतें. एका फुकटच्या बांकानें जगाला हा एवढा व्यवसाय दिला. त्या बांकाचें ऋण फेडावयाचें तर ते दुसऱ्या बांकांनींच फेडावयास हवें.

दुसरी सूचना झऱ्यांविषयींची. या पेठेचें सध्यांचें नांव झऱ्यांवरून पडलें आहे. तिच्याभोंवतीं एक कल्पित इतिहास रचला आहे: इसवी सन १८५० च्या सुमारास एका झऱ्याकांठीं वस्ती झाली, तिचें गांव झालें, गांवाचें शहर झालें, वगैरे. टाउन सेंटर भागांत निळेंशार पाणी वाहतें तेंही मनुष्यानें केलेलें आहे. कथा रचणें हा कांहीं गुन्हा नव्हे. परंतु गंमत अशी कीं, जेथें ही खोटी झऱ्याची कथा सांगतात, त्याच फ्लॉरिडांत एक हजाराहून अधिक खरे झरे आहेत! तेथील जमिनीखालीं चुनखडीच्या खडकाचे थर आहेत. पावसाचें पाणी त्यांतून झिरपतें, पोकळ्यांतून वाहतें, आणि जागोजागीं वर उसळून येतें. उन्हाळा असो कीं हिंवाळा, त्या पाण्याची ऊब सुमारें २२ अंश सेल्सिअस राहते. म्हणून थंडीच्या दिवसांत मॅनाटी नांवाचे संथ, शाकाहारी जलचर ऑर्लंडोच्या उत्तरेस असलेल्या 'ब्लू स्प्रिंग'सारख्या झऱ्यांत उबेसाठीं गोळा होतात. 'सिल्व्हर स्प्रिंग्ज' येथें कांचेच्या तळाच्या होड्यांतून झऱ्याचा तळ पाहावयास लोक एकोणिसाव्या शतकापासून जात आहेत. आणि आज शेतीच्या खतांमुळें व पाण्याच्या अति उपशामुळें यांतील पुष्कळ झरे दूषित व क्षीण होत चालले आहेत.

असें असतां, त्या निळ्या पाण्याकांठीं एक लहानसें दालन कां असूं नये? जमिनीच्या पोटांत पाणी कसें फिरतें याचा कांचेंतून दिसणारा नमुना, खऱ्या झऱ्यांचीं चित्रें, आणि ते वांचविण्यासाठीं काय करावें याची चार वाक्यें. मुलगा तेथून दहा मिनिटांत बाहेर पडेल, पण नळ सोडतांना त्याला त्या खडकाची आठवण होईल. तीच गोष्ट मोटारी ठेवण्याच्या इमारतींची. त्यांस 'ऑरेंज', 'लाइम', 'ग्रेपफ्रूट' अशीं फळांचीं नांवें आहेत. संत्र्यांच्या बागा हें या मुलखाचें एके काळचें वैभव. १८९४-९५ च्या हिंवाळ्यांत दोनदां कडाक्याचें हिंव पडलें आणि त्या बागा जळून गेल्या. हजारों लोकांचा धंदा बुडाला, व कित्येकांनीं तो मुलूख सोडला. मोटार कोणत्या इमारतींत ठेवली हें लक्षांत राहावें एवढ्यासाठींच का त्या फळांचा उपयोग? भिंतीवर चार चित्रें काढलीं तरी तो इतिहास जिवंत होईल. खरी गोष्ट हातीं असतांना खोटीवर समाधान मानूं नये, हें आपण निबंध लिहिणाऱ्या मुलांस सांगतों. तेंच पेठ बांधणारांसही सांगावें.

तिसरी सूचना करमणुकीसंबंधीं. या पेठेंत १९९८ सालीं 'डिस्नेक्वेस्ट' नांवाची पांच मजली इमारत उभी राहिली. यंत्रांच्या साहाय्यानें नाना भास निर्माण करणारे खेळ तेथें होते. कांहीं वर्षांतच तीं यंत्रें जुनीं झालीं. घरोघरीं त्यांहून चांगले खेळ आले. २०१७ मध्यें तें स्थान बंद करून इमारत पाडली. तिच्या जागीं बास्केटबॉलच्या खेळावर आधारलेलें दुसरें भव्य दालन ऑगस्ट २०१९ मध्यें उघडलें. २०२० च्या मार्चमध्यें साथीमुळें तें बंद झालें, तें पुन्हां कधींच उघडलें नाहीं. एवढ्या खटाटोपाचें आयुष्य पुरते आठ महिनेही भरलें नाहीं! उलट प्लेझर आयलंडावर 'ॲडव्हेंचरर्स क्लब' नांवाचें एक स्थान होतें. तेथें नटमंडळी प्रवाशांचीं सोंगें घेऊन पाहुण्यांशीं बोलत, थट्टा करीत, आयत्या वेळीं प्रवेश रचीत. तें बंद होऊन बरींच वर्षें लोटलीं, तरी त्याची आठवण काढणारे लोक आहेत. यावरून धडा घ्यावयाचा तो असा कीं, यंत्र शिळें होतें, मनुष्य शिळा होत नाहीं.

म्हणून मी सुचवितों कीं, पुढची मोठी इमारत बांधण्याआधीं मोकळ्या चौकांत माणसें आणावीं. मार्केटप्लेस भागांत पाण्याकांठीं एक रंगमंच आहे व त्यावर शाळांच्या वाद्यवृंदांनीं व गायनपथकांनीं कार्यक्रम केलेले आहेत. हें फार चांगलें आहे; तेंच वाढवावें. दूरदूरच्या शाळा येतात तशा ऑर्लंडो आणि किसिमी येथील साध्या सरकारी शाळांसही आठवड्यांतून एक संध्याकाळ राखून ठेवावी. ज्या मुलीची आई त्याच पेठेंत कपबशा विसळते, ती मुलगी त्याच पेठेंत व्हायोलिन वाजवील आणि आई दारांत उभी राहून ऐकेल, अशी एक तरी संध्याकाळ असावी. हजारों डॉलरांच्या रोषणाईनें जें होणार नाहीं, तें त्या संध्याकाळीं होईल.

येथें ओघानेंच चौथी सूचना येते, ती थोडक्यांत सांगतों. पेठेंत राबणाऱ्या माणसांचा विचार पेठेच्या नकाशांत असावा. ग्राहकांसाठीं बस आहेत, सरोवरांतून होड्या आहेत. सार्वजनिक बसही तेथवर येतात. परंतु रात्रीं उशिरां दुकान झाडून घरीं जाणाऱ्या नोकरास दिवसाच्या ग्राहकाइतकीच हमीची व स्वस्त गाडी मिळाली पाहिजे, आणि पाय मोकळे करावयास त्यालाही एक बांक हवा. ज्या घरांत गड्यामाणसांस बसावयास जागा नाहीं, त्या घरांत पाहुण्यास दिलेला पाट शोभत नाहीं.

पांचवी सूचना दुकानांविषयीं. टाउन सेंटर भागांतील बरींचशीं दुकानें अशा कंपन्यांचीं आहेत कीं, ज्यांच्या शाखा मोठमोठ्या शहरांतून सर्वत्र आढळतात. मुंबईंत जें मिळतें तेंच घेण्यासाठीं फ्लॉरिडास जाण्याचें कारण काय? १९७५ च्या खेड्यांत मातीच्या भांड्यांचें दुकान होतें. तो विचार चांगला होता. निदान दहांपैकीं एक जागा त्या मुलखांतील कारागिरांस अल्प भाड्यानें द्यावी, आणि अट अशी घालावी कीं, त्यानें आपलें काम ग्राहकाच्या डोळ्यांदेखत करावें. वस्तू घडतांना पाहिलेलें मूल ती विकत न घेतांही कांहीं घेऊन जातें.

आतां व्यवहारी वाचक म्हणतील, "मास्तर, हें सर्व ठीक, पण कंपनी धर्मशाळा चालवीत नाहीं. तिला भागीदारांस नफा द्यावयाचा असतो. बांकावर बसलेला मनुष्य जागा अडवितो आणि पैसा देत नाहीं." हा आक्षेप खरा आहे, तो टाळून चालणार नाहीं. दुकानाचें भाडें, दिवाबत्ती, झाडलोट, पहारा, या सर्वांचा खर्च शेवटीं विक्रींतूनच निघावयाचा. सगळ्या पेठेचा बगीचा करा असें मी म्हणत नाहीं.

परंतु या आक्षेपाला इतिहासानेंच उत्तर दिलें आहे. व्हिक्टर ग्रूएन नांवाचा एक वास्तुशिल्पी होता. तो व्हिएन्ना शहरीं जन्मला, आणि १९३८ सालीं नाझींच्या छळामुळें अमेरिकेस गेला. मिनेसोटा राज्यांत १९५६ सालीं उघडलेलें 'साउथडेल' हें बंदिस्त बाजारगृह त्याच्या आराखड्याचें. पुढें सर्वत्र पसरलेल्या मॉलचा तो आद्य नमुना मानला जातो. ग्रूएनच्या मनांत व्हिएन्नाचे चौक होते. दुकानांभोंवतीं घरें, शाळा, दवाखाना, बाग असावी, लोकांनीं तेथें भेटावें, असा त्याचा मूळ बेत होता. धनिकांनीं दुकानें तेवढीं बांधलीं. बाकीचें राहून गेलें. तो बेत इतका बिघडला कीं, १९७८ सालीं त्यानें असल्या बाजारगृहांचें पितृत्व जाहीरपणें नाकारलें. याच ग्रूएनचें शहररचनेवरील पुस्तक वॉल्ट डिस्नेच्या संग्रहीं होतें, आणि १९६६ सालीं फ्लॉरिडांतील नव्या शहराचा जो आराखडा डिस्नेनें मांडला, त्यांत मध्यभागीं पेठ, नाट्यगृहें, आणि मोटारींपासून मुक्त असे पायी चालणारांचे रस्ते होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत तो वारला व तें शहर त्यानें योजिलें तसें कधींच झालें नाहीं. पुढें अमेरिकेंत नुसत्या विक्रीसाठीं बांधलेलीं शेकडों बाजारगृहें ओस पडलीं; कारण वस्तू घरबसल्या मागवितां येऊं लागल्यावर तेथें जाण्याचें दुसरें कांहीं निमित्तच उरलें नाहीं. ज्याला बसावयास जागा दिली तो पुन्हां येतो. ज्याला नुसतें हिंडविलें तो थकून जातो आणि दुसऱ्या खेपेस घरूनच वस्तू मागवितो. कंपनीलाही हें थोडेंबहुत कळलें आहे, एरवीं मोटार ठेवण्यास ती फुकट जागा देतीना. मोटारीस जी जागा विनामूल्य मिळते, ती मोटारीबाहेर पडलेल्या आजीला कां मिळूं नये, एवढेंच माझें विचारणें आहे.

पालकांस एक विनंती करून हा लेख संपवितों. सुटींत आपण मुलांना कोठेंही न्या, फ्लॉरिडास न्या कीं जवळच्या शहरांतील एखाद्या झगझगीत पेठेंत न्या. परंतु तेथें गेल्यावर एक तासभर कांहीं विकत न घेतां बसून पाहा. जागा मिळाली तर ती पेठ चांगली समजा. न मिळाली तर मुलाला विचारा, तूं येथें कोठें बांक ठेवशील? वस्तू निवडावयास मूल आपोआप शिकतें. जागा सुधारावयास त्याला शिकवावें लागतें. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यांतून कोणी पुढें वास्तुशिल्पी होतील, कोणी दुकानदार, कोणी नगरपालिकेचे सभासद. त्या वेळीं आराखडा पुढें आला कीं मागच्या बांकावरील त्या सोबत्याचा प्रश्न आठवावा.

त्या मुलाला मीं त्या दिवशीं उत्तर दिलें नव्हतें. आज देतों: बाळा, तेथें बसतां येतें, पण जागा शोधावी लागते. ती शोधावी लागूं नये, एवढ्यासाठीं हा लेख लिहिला.